सावलीच्या मापाची दोरी

१० जुलै १९५७

आलो एकदाचा स्तेजारेत गावाला. बसमध्ये शेजारच्या बाईने माझ्या मांडीवर जिवंत बदक ठेवलं आणि स्वतः खुशाल घोरू लागली, त्यामुळे प्रवास कंटाळवाणा झाला असं म्हणता येणार नाही. गाव झकास आहे. नदीवर लाकडी पूल, टेकडीवर मेंढ्या, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना आलुबुखाराची झाडं फळांनी वाकलेली.

उतरलोय वेतामावशींकडे. विधवा बाई, सत्तरीच्या, बोलायला लागल्या की थांबत नाहीत. घरची माणसं जिथे स्वतः कधी बसत नाहीत ती पुढची खोली त्यांनी मला दिली. भिंतीवर नक्षीचे टॉवेल, पलंगावर सात उशा. झोपायचं कुठे, हा प्रश्नच आहे. खिडकीतून फाटक दिसतं आणि फाटकापासून थेट बसथांब्यापर्यंतचा पांढरा रस्ता.

काम मनासारखं आहे. गावाने नवं संस्कृती-सभागृह बांधलंय, त्याच्या दर्शनी भिंतीवर चित्र काढायचं. तेवीस ऑगस्टच्या राष्ट्रीय सणाला उद्घाटन. आधीच्या चित्रकाराने भिंतीएवढं कच्चं चित्र कागदावर काढून ठेवलंय आणि गेल्या शरदात तब्येतीचं कारण सांगून तो जो गेला तो फिरकलाच नाही. म्हणजे अर्धं काम आयतंच.

सांदाने निघताना बजावलंय, की मी नीट जेवलो नाही तर भरल्या मिरच्यांचं पातेलं घेऊन ती हजर होईल. आठ वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने मला कुठल्याही कामावर बाहेरचं खाऊ दिलेलं नाही. क्रायोव्हा शहरात माझे सोबती चिडवायचे, लाझारच्या आधी लाझारचा डबा पोचतो.

११ जुलै

आज सभागृहाचे प्रमुख कॉम्रेड ब्रातू यांनी कपाट उघडून कच्चं चित्र दाखवलं. बारा मोठे कागद, जमिनीवर जोडून पसरले. मी गुडघ्यांवर बसून एकेक रेघ पाहिली. माणूस जातिवंत कलाकार होता.

विषय आपली जुनी गोष्ट. गवंडी दिवसभर बांधतात, रात्री भिंत कोसळते. शेवटी शपथ घेतात, की उद्या जी बायको पहिली डबा घेऊन येईल तिला भिंतीत चिणायची. बाकीचे घरी जाऊन बायकांना सावध करतात. एकटा मुख्य गवंडी शब्द पाळतो आणि त्याचीच बायको येते.

गवंडी, परांची, विटा, लोकांच्या हातावरच्या शिरासुद्धा काढल्यात. रेषांवर सुईने भोकं पाडून ठेवलीत, म्हणजे कागद ओल्या गिलाव्याला लावून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की चित्र भिंतीवर उतरेल. फक्त सातव्या कागदावर, मधोमध, जिथे ती बाई हवी, तिथे काही नाही. माणसाच्या उंचीची कोरी जागा. कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय: ही जागा कोरीच राहू द्या.

आळशी लेकाचा! मुख्य काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळा झाला.

१३ जुलै

आज गंमत झाली. सकाळी सातला गेलो तर गिलावा पुन्हा खाली. गेल्या महिन्याभरात चौथ्यांदा. गावचे गवंडी तोदेरकाका, तोंडात तीन दात, त्यांनी आधी चुन्याला शिव्या घातल्या, मग ब्रातूंच्या मातोश्रींना, आणि मग रस्त्याकडे बघू लागले.

तेवढ्यात वेतामावशींची भाची फिरूत्सा दुधाच्या किटल्या घेऊन रस्त्याने आली. सूर्य तिच्या पाठीशी होता, लांबलचक सावली आमच्या पायरीपर्यंत पडलेली. तोदेरकाकांनी खिशातून दोरी काढली आणि सावलीशेजारी गुडघे टेकले.

हे काय चाललंय ते आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. लहानपणी कुठल्याही बांधकामाजवळून जाताना मोठी माणसं ओरडायची, "सावली सांभाळ रे!" सावलीचं माप दोरीने घेतात, दोरी भिंतीत पुरतात, भिंत टिकते. ज्याची सावली तो चाळीस दिवसांत जातो, म्हणे.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मला हसूही आलं आणि रागही. मी म्हाताऱ्याची कॉलर धरून म्हटलं, "पोरीला कशाला घाबरवता, काका? माझं माप घ्या. मी उंच आहे, भिंत आणखी टिकेल." त्यांनी तीनदा विचारलं, की स्वतःच्या तोंडाने देताय ना. मी तीनदा हो म्हटलं. तिसऱ्यांदा तर असं गरजलो की फिरूत्साला हसू फुटलं. मग त्यांनी माझ्या टाचेपासून सावलीच्या डोक्यापर्यंत दोरी धरली, गाठ मारली, गाठीचं चुंबन घेतलं आणि ओल्या गिलाव्यात ती बाईच्या जागी दाबून टाकली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. जुनी माणसं!

१८ जुलै

गिलावा टिकला. चरासुद्धा नाही. ब्रातू खूश, मी परांचीवर शिट्ट्या मारत आकाश रंगवतोय. बाईसाठी सांदाची एखादी मुद्रा वापरावी असा विचार आहे.

गाव फारच मायाळू निघालं. फिरूत्साच्या आईने भर रस्त्यात माझा हात हातात घेऊन कपाळाला लावला. मी जवळ गेलो की पुरुष टोप्या काढतात. फक्त माझ्याकडे नीट बघत कुणी नाही.

जेवणानंतर वेतामावशींनी साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू वाढले. मी दोन वाट्या हाणल्यावर लक्षात आलं, हे तर मेलेल्या माणसाच्या नावाने करतात. विचारलं, आज कुणाचं आहे? त्या भांडी विसळत म्हणाल्या, "अजून कुणाचं नाही, बाळा. खा."

२३ जुलै

सातव्या कागदावर पावलं उमटली आहेत.

आधी सुईची भोकं दिसली, मग त्यांवर कोळशाची रेघ. चपला घातलेली दोन पावलं, आणि त्यांच्याभोवती विटांची पहिली रांग. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते. तोदेरकाकांची थट्टा म्हणावी, तर त्यांच्या हाताला सरळ रेघसुद्धा जमत नाही, आणि ही रेघ त्या आधीच्या चित्रकाराची आहे. तोच दाब, तेच वळण.

उजव्या चपलेचं बक्कल तुटकं काढलंय. माझ्याही उजव्या चपलेचं बक्कल तुटकं आहे.

२७ जुलै

हे नीट लिहून ठेवतो. संध्याकाळी सहा वाजता, लख्ख उजेडात, पुलावरून येताना मी माझी सावली पाहिली. ती माझ्या पायांना चिकटलेली नव्हती. घोट्यापासून वरची तेवढी होती, आणि माझी पावलं नि ती सावली यांच्यामध्ये वीतभर स्वच्छ ऊन पडलेलं होतं. मी एक पाय उचलला, उडी मारली. मधलं ऊन तसंच.

समोरून दोन बायका येत होत्या. त्यांनी ते पाहिलं, क्रूसाची खूण केली आणि त्या रस्ता सोडून शेतातून गेल्या.

घरी येऊन पाय गरम पाण्यात बुडवले. घोट्याखाली पाणी गरम आहे की गार, कळलं नाही. मला भीती वाटते आहे. उगाच शहाणपणा न करता सरळ लिहितो, मला फार भीती वाटते आहे.

३० जुलै

तोदेरकाकांना गाठून हलवलं. म्हातारा रडला. म्हणाला, "पेंटरसाहेब, तुम्ही तीनदा हो म्हणालात हो! मी काय करू? पोरगी वाचली आमची, गाव तुमचे उपकार विसरणार नाही." मी ओरडलो, उपकार खड्ड्यात घाला, उपाय सांगा.

उपाय आहे. भिंतीला माणूस हवा, मीच हवा असं नाही. चाळीस दिवसांच्या आत दुसऱ्या कुणाची, त्याला नकळतसुद्धा, सावली मोजून ती दोरी त्याच जागी पुरली तर मी सुटेन. मात्र कागदावरचा माणूस अर्धवट आहे तोवरच. तो पुरा झाला की बदल नाही, मग देव आला तरी नाही. आधीच्या चित्रकाराला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून त्याने जागा कोरी ठेवली आणि पळाला.

वेतामावशींनी बोटांवर मोजून सांगितलं, चाळिसावा दिवस एकवीस ऑगस्टला येतो.

२ ऑगस्ट

आज छिन्नी घेऊन भिंत फोडली. बरोबर जागा माहीत होती. दोरी नाही. दोरीच्या आकाराची पोकळ खाच आहे, गाठीसकट, आत बोट घातलं तर ऊबदार लागते. ब्रातू धावत आले, माझ्यावर खेकसले, काकांनी थापीने भोक लिंपलं. गिलावा तासाभरात वाळला.

कागदावर विटा गुडघ्यापर्यंत आल्या. पँटच्या गुडघ्यावर सांदाने लावलेलं ठिगळ काढलंय. तिचे वाकडे टाके मोजून सात. माझ्या ठिगळालाही सातच आहेत.

५ ऑगस्ट

सांदाचं पत्र. शिवणशाळेला सुट्टी लागली, मिरच्या बाजारात आल्यात, तेव्हा येते म्हणते. सकाळच्या बसने.

ती बस आठला येते. सूर्य थांब्याच्या मागून वर येतो. म्हणजे ती रस्त्याने चालत येईल तेव्हा तिची सावली तिच्या पुढे, या फाटकाकडे— हे मी बसून मोजलं. तिचं पत्र हातात धरून, तिची उंची आठवून मी हे मोजलं.

खरं कळवलं तर ती पुढच्याच बसने येईल. म्हणून खोटं लिहिलं. लिहिलं, की तुझ्या डब्यांचा मला कंटाळा आलाय, आठ वर्षं लोक मला हसतात, थोडे दिवस मला मोकळा श्वास घेऊ दे. आणखीही लिहिलं. ते इथे लिहवत नाही.

गोष्टीतल्या बाकीच्या गवंड्यांनी बायकांना सावध केलं, त्यांना आम्ही लहानपणापासून लबाड म्हणत आलो.

९ ऑगस्ट

पळून जायला बसमध्ये बसलो. पुलाच्या मध्यावर कमरेला आतून हिसका बसला, कुणी दोर ओढावा तसा. मी सीटवरून मागे फेकला गेलो. ड्रायव्हरने बस थांबवली, एक शब्द न बोलता मला उतरवून पिशवी हातात दिली. त्यालाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे.

विटा कमरेला लागल्या.

१२ ऑगस्ट

सातवा कागद खोलीवर आणलाय. नजरेआड असला की जास्त भीती वाटते.

त्याचा कोपरा पेटवून पाहिला. कागद धुमसला, जळला नाही. माझ्या पिंढरीवर तळहाताएवढा फोड आला. वेतामावशींनी त्यावर ताक लावलं. मला भरवताना त्या रडतात आणि भरवतात. मी त्यांना विचारलं, फिरूत्सा कुठे आहे? वर मेंढवाड्यावर पाठवलीय, म्हणाल्या, सणापर्यंत. माझ्या भीतीने पाठवली. चांगलं केलं. परवा ती अंगणातून जाताना माझे डोळे तिच्या सावलीवर होते.

१५ ऑगस्ट

छातीपर्यंत. श्वास अर्धाच आत जातो. पाय नाहीतच म्हटलं तरी चालेल, पलंग खिडकीशी ओढून घेतलाय.

सावलीत आता डोकं, खांदे आणि हात उरलेत. भिंतीवर, टॉवेलांच्या नक्षीवर, एकटीच पडते.

आई गं.

१७ ऑगस्ट

तोदेरकाका येऊन बसले. तुमच्या बाई येणार आहेत का, विचारलं. का विचारताय, मी कसंबसं पुटपुटलो, तर म्हणाले, "वेताकडे बसवाल्याबरोबर निरोप आलाय. येताहेत एकवीसला. तुम्ही भलतंसलतं लिहिलंत म्हणून जास्तच काळजीत आहेत. म्हणाल्यात, माझा नवरा असं लिहिणारा नाही, त्याला काहीतरी झालंय."

सांदा. अगं वेडे.

मग म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "तुम्ही काही काळजी करू नका. तुम्ही आमची पोरगी वाचवलीत. आम्ही उपकार ठेवत नसतो. मी बघतो."

मी नाही म्हणालो. ओरडून म्हणालो. तोंडातून हवा आली फक्त. कागद पाहिला, विटा गळ्यापाशी.

१८ ऑगस्ट

आवाज गेला. मान हलत नाही, हात तेवढे हलतात. कागदावरच्या माणसानेही हात भिंतीच्या वर धरलेत.

मोठ्या अक्षरांत लिहून काकांना दाखवलं: तिला हात लावू नका. त्यांनी वही हातात घेतली, उलटी धरली, मान डोलावली आणि परत दिली. त्यांना वाचता येत नाही. वेतामावशींनाही नाही. फिरूत्साला येतं, ती वर मेंढवाड्यावर. ब्रातू पाहुण्यांना आणायला जिल्ह्याला गेलेत.

वही त्यांनी माझ्या उशाशी नीट ठेवली. मी प्रार्थना लिहितोय असं वाटतं त्यांना.

२० ऑगस्ट

ओठ गेले. पाणीही नाही.

काका फाटकाशी उभे राहून रस्ता बघून गेले. खिशातून दोरीचं टोक—

कागदावर फक्त वरचा चेहरा काढायचा राहिलाय. नाक आहे. डोळे नाहीत. कोरे. उद्या संध्याकाळपर्यंत ते उमटतील. त्याआधी ती सकाळी—

सांगितलं होतं त्यांनी. अर्धवट आहे तोवरच.

अर्धवट आहे तोवरच बदलता येतं. पुरा केला की नाही.

माझा कोळसा पेटीत आहे. हात पोचतो.

पण मला मरायचं नाही. हे लिहिलंच पाहिजे. मला मरायचं नाही. कोळसा तीनदा उचलला, तीनदा ठेवला. ती कदाचित येणारही नाही. बस चुकेल. कदाचित—

२१ ऑगस्ट

आली.

थांब्यावर एकटी उतरली. पिवळा रुमाल. पातेलं फडक्यात बांधलंय, दोन्ही हातांनी धरलंय. सूर्य तिच्या मागे. सावली रस्ताभर पुढे.

काका फाटकाशी. गुडघे टेकलेत.

मी हात हलवला. परत जा, परत जा. तिला वाटलं बोलावतोय. हसली. भरभर चालायला लागली.

कागद मांडीवर. उजव्या हातात कोळसा, लिहितोय डाव्याने. डावा डोळा काढला. झाला. वहीची ती बाजू दिसेनाशी झाली.

उजवा. पापणी झाली. भुवई झाली. बुबुळ तेवढं बाकी ठेवलंय. एवढ्यासाठी, की तिला बघायचंय.

दमलीय. रुमाल घसरलाय. सावली फाटकापासून चार पावलं. काका दोरी उलगडतायत.

सांदा, पत्रातलं सगळं खोटं होतं. डबा मला आवडायचा. लोक हसायचे ते मला आवडाय—

तीन पावलं.

कोळसा टेकवला आहे. मिरच्यांचा वास इथवर येतो. किती छान दिसतेस तू या उन्हा—